काळ्या मोटारीची टाकी

लातूर,
१२ एप्रिल १९८३

चि. सौ. महानंदा हिस,
अप्पांचे अनेक आशीर्वाद.

येथे सर्व क्षेम आहे, तुम्हा उभयतांचे क्षेम कळवावे. पाकिटावर तुझे सासरचे आडनाव घालताना लेखणी क्षणभर थांबली, परंतु अक्षर नीट उमटले आहे. तुझ्या लग्नानंतर या घरातून तुला गेलेले हे पहिलेच पत्र आहे, हे मला ठाऊक आहे. त्याविषयी पुढे लिहितो.

लातूर आता जिल्ह्याचे गाव झाले. पाट्या रंगल्या, साहेब आले, आणि रुंद करायचे म्हणून रस्ते खणून ठेवले गेले. पावसाला मात्र नव्या जिल्ह्याचा पत्ता अद्याप सापडलेला नाही. नळ कोरडे आहेत. टँकर आला की सारी गल्ली घागरी घेऊन धावते आणि रसायनशास्त्राचे निवृत्त अध्यापकही त्यांत असतात.

आता मुख्य विषय. मी काळी मोटार पुन्हा चालू करीत आहे.

तू गेल्यापासून शेडचे दार उघडलेच नव्हते. इंजिन ठीक आहे, खरा रोग पेट्रोलच्या टाकीत आहे. तुला लहानपणी प्रत्येक गोष्टीचे कारण लागे, म्हणून सांगतो. टाकी काठोकाठ भरलेली असती तर इतकी गंजली नसती, पूर्ण रिकामी असती तरी कमी गंजली असती. सर्वांत वाईट ती अर्धी भरलेली. दिवसा पत्रा तापतो, रात्री निवतो, आतल्या हवेतील ओलावा थेंब होऊन पत्र्यावर बसतो. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते खाली उतरते आणि तळाशी मुकाट्याने आपले काम करीत राहते. वरून पाहणाऱ्याला पेट्रोलच दिसते. मी झाकण काढून बॅटरीचा उजेड आत टाकला. तळाशी भिजलेल्या विटेचा चुरा असावा तसा थर होता, आणि वास आंबलेल्या रंगासारखा. हा गंज नळीतून कार्बोरेटरपर्यंत गेला, तर मोटार चाकूरच्याही पुढे जाणार नाही.

आणि तिला नांदेडपर्यंत यायचे आहे. हे तुझ्या अव्वाचे म्हणणे आहे.

तू रेणुकादासांशी लग्न केलेस त्या दिवशी तिने तळहातावर इष्टलिंग घेऊन काय शपथ वाहिली, हे तू दारात उभी राहून ऐकले आहेस: 'माझ्या जिवात जीव हाय तवर या उंबऱ्यावर तिचं पाऊल पडायचं न्हाई.' लिंग हाती घेऊन वाहिलेली शपथ आपल्यात कोणी मोडत नाही. मोड, असे मीही तिला कधी म्हटले नाही. गेल्या आठवड्यात मात्र ती अंथरुणावरून आपणहून बोलली, "म्या शपथ तिच्या पावलाची घेतली हाय. माझ्या पावलाची कुठं घेतली? मीच जाते की तिच्याकडं."

मी म्हटले, "एस.टी.ने झेपेल का?"

"एस.टी. नको, सरकारी गाडी नको. ज्या मोटारीतून नवरी होऊन उदगीरहून आले, तिच्यातूनच लेकीच्या घरी जाईन. लेकीची वरात तिच्यातूनच काढणार होते. ती ऱ्हायली, तर आता माझी काढा."

भाड्याच्या जीपगाड्या तशाही दुष्काळी कामांवर लागल्या आहेत. तुझा शंकरप्पामामा उदगीरची अडत मुलांवर सोपवून आला आहे. त्याने एक उपाय सुचवला. "दाजी, टाकी ऱ्हाऊ द्या तशीच. बॉनेटापाशी पेट्रोलचा डबा टांगू, रबरी नळी जोडू, अक्काला घालू मागं, की चाललो!" मी साफ नकार दिला. मे महिन्याच्या तोंडावर तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोलचा उघडा डबा, आणि मागे आजारी माणूस! गोष्ट करायची तर रीतसर करावी.

तो हसून म्हणाला, "तुमी काय टाकीला बोर्डाच्या परीक्षेला बसवायलात का?"

तुझा,
अप्पा

ता. क. मागच्या बाकावर गादी अंथरायची आहे, अव्वाला बसवत नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी पोट उघडले आणि काही न करता पुन्हा शिवले. हे वर लिहायचे राहून गेले.


लातूर,
२९ एप्रिल १९८३

चि. सौ. महानंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. निघून येते, अंगणात उभी राहते, उंबऱ्याला स्पर्शही करणार नाही, असे तू लिहिलेस. ते वाक्य मी अव्वाला वाचून दाखवले. ती म्हणाली, "लेकीला भिकारणीवानी अंगणात उभी करू? आन् मी आतून बघू? तिला म्हणावं, घर सारवून ठेव, मी येणार हाय." दवाखान्यात भेटावे, असेही मी सुचवले. त्यावर मामाच म्हणाला, "अक्का दवाखान्याच्या पायरीला शिवायची न्हाई आता. तिला माहीत हाय, तिथून कशी आणतात ते."

तेव्हा टाकी, आणि टाकीच.

काम उत्तम चालले आहे. आधी कॉस्टिक सोड्याने आतला चिकट राळेसारखा थर काढला, कारण तो असेपर्यंत आम्ल गंजापर्यंत पोहोचत नाही. मग मांजरेच्या कोरड्या पात्रातले टोकदार खडे टाकीत घातले, तोंडे बुचांनी बंद केली आणि टाकी जुन्या गोधडीत गुंडाळून पाणी वाहणाऱ्या बैलगाडीच्या साटीला घट्ट बांधली. गाडीवान रोज गावाबाहेरच्या विहिरीवर जातो. खणलेल्या रस्त्यांवरून गाडी अशी उसळते, की आत खड्यांनी पत्रा घासून निघतो. नव्या जिल्ह्याचा आपल्या घराला झालेला हा पहिला लाभ! लोक विचारतात, "मास्तर, खुळखुळा कुणासाठी?" मामा सांगतो, "दाजींची टाकी बाळंत व्हायचीय."

त्यानंतर चिंच. बाजारातले तीव्र आम्ल गंजाबरोबर चांगला पत्राही खाते. चिंचेतले आम्ल सौम्य आहे, ते वेळ घेते, पण गंज उचलते आणि लोखंडाला फारसे दुखवत नाही. चिंचेचा कोळ टाकीत भरून ठेवला. रोज थोडा काढून पाहतो. पहिल्या दिवशी तो तपकिरी होता, मग काळपट झाला. मी बशी घेऊन अव्वाला दाखवायला जातो. तिला यातले फार कळते असे नाही, पण ती विचारते, "आजून किती?" मी म्हणतो, थोडे राहिले.

अडचण एकच होती, ती पाण्याची. आम्ल काढल्यावर खाण्याच्या सोड्याने ते मारावे लागते आणि मग टाकी पुनःपुन्हा विसळावी लागते. इतके पाणी आणायचे कोठून? अव्वाने आतून ऐकले. "माझ्या आंघोळीचं घ्या," म्हणाली. तू जाणतेस, स्नानाशिवाय तिने कधी लिंगपूजा केलेली नाही. तापातही नाही, तुझ्या जन्माच्या वेळचे दिवस सोडले तर कधीच नाही. आता ती ओल्या फडक्याने हात पुसते, कपाळी भस्म लावते आणि पूजा करते. तिचे पाणी टाकीत गेले.

एक शास्त्रीय गंमत तुला सांगतो. विसळलेला उघडा पत्रा दमट हवेत तासाभरात पुन्हा तांबूस होतो. परंतु यंदा हवेत ओलावा नावालाही नाही. मी टाकी उन्हात ठेवली आणि ती पाहता पाहता वाळली. राखाडी, स्वच्छ, नव्या नाण्यासारखी. गंज काढण्यासाठी दुष्काळासारखा ऋतू नाही, महानंदा. गल्लीत हंड्यांवरून भांडणे चालली होती आणि मी टाकीत डोकावून आनंदाने अव्वाला हाक मारीत होतो. तिने उठून बसण्याचा प्रयत्न केला. खरोखर बसली. दोन घास भातही खाल्ला.

मग टाकी चारही बाजूंनी पाहावी म्हणून मी ती सूर्याकडे धरली. तळाला बारीक बारीक उजेड दिसला. एका ठिकाणी नव्हे, सर्वत्र. मामाने मागून पाहिले. यावेळी तो थट्टा करील असे वाटले होते. हळू आवाजात एवढेच म्हणाला, "दाजी, ही तर चाळणी हाय."

माझ्या हातून चूक झालेली नाही, हे मी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले. पत्रा आधीच खाल्ला गेलेला होता. त्या छिद्रांत गंजच घट्ट बसून होता. आतले पेट्रोल इतकी वर्षे त्यानेच धरून ठेवले होते. मी तो काढला.

छिद्रांना कथलाचा डाग देणाऱ्याला बोलावले आहे. पेट्रोलच्या टाकीला विस्तव लावायचा, तर आत पाणी भरून लावावा लागतो, नाही तर उरलेली वाफ पेटते. पुन्हा पाणी. तो काठीने तळ टोचून पाहत म्हणाला, "डाग कशाला लावू सर? धरायला पत्राच न्हाई." तरीही लाव, म्हटले आहे.

अव्वा बरी आहे. तुझ्यावरचा राग गेल्यापासून ती अगदी शांत असते. पूर्वी हाकेसरशी मला टाकून बोलत असे, मामाला शिव्या घालीत असे, भाजीत मीठ कमी पडले तर ताट सरकवीत असे. आता काहीच म्हणत नाही. या शांततेची मला भीती वाटते, पण तू मनावर घेऊ नकोस.

तुझा,
अप्पा

ता. क. "माझेबी आशीर्वाद ल्हिवा," असे अव्वा म्हणते. रेणुकादासांनाही लिहा, म्हणाली. नाव घेऊन म्हणाली.


लातूर,
१३ मे १९८३, सकाळ

चि. सौ. महानंदा हिस,
आशीर्वाद.

हे पत्र पोस्टाने येणार नाही. शंकरप्पामामा ते घेऊन येत आहे आणि तो काळी मोटार घेऊन येत आहे. दारात हॉर्न वाजला, तर तो तिचाच.

टाकीचे डाग टिकले नाहीत. एक छिद्र बुजवले की शेजारी दुसरे पडे. काल सायंकाळी ती मी शेडमागे उपडी करून ठेवली आणि मामाला म्हटले, तुझा डबा टांग. त्याने डबा टांगला, नळी जोडली, हँडल मारले. मोटार पहिल्या झटक्याला सुरू झाली. आवाज तोच, तू शाळेतून येताना कोपऱ्यावरून ओळखायचीस तो. टाकीची आवश्यकताच नव्हती.

आम्ही मागच्या बाकावर गादी अंथरली. अव्वाने आवाज ऐकला. मी आत गेलो तेव्हा तिने विचारले, "चालू झाली?" मी म्हटले, "झाली. सकाळी उन्हाच्या आत निघू." ती म्हणाली, "हिरवं इरकल काढा माझं." मी पेटीतून काढले. तिने ते उशाशी ठेवून घेतले.

आता प्रवासाविषयी नीट वाच. निघण्यास उशीर करू नका. पुढे बसू नकोस, डबा पुढे आहे. मागे बस, गादी तशीच आहे. लोह्याला मोटार थांबवून इंजिन पूर्ण निवू द्यावे आणि मगच डबा भरावा, गरम इंजिनावर मामाला भरू देऊ नकोस, तो उतावळा आहे. सोबत पिण्याचे पाणी घे, वाटेत मिळणार नाही. रेणुकादासांनी अवश्य यावे. दिवस मावळायच्या आत पोहोचा.

अव्वा भिंतीला टेकून बसली आहे. अंगावर हिरवे इरकल आहे, कपाळी भस्म, डाव्या तळहातावर लिंग. त्या दिवशी तू दारातून पाहिलीस, अगदी तशी. आज तिला आंघोळ घातली. पाणी गल्लीने दिले, प्रत्येक घराने आपापल्या घागरीतले. स्वामी आले आहेत. कोणाची वाट पाहायची आहे का, असे त्यांनी विचारले. मी म्हटले, हो, आमची लेक येत आहे.

मोटार थेट दारापर्यंत आणायला मामाला सांगितले आहे. अंगणात थांबू नकोस. उंबरा ओलांड आणि आत ये. शपथ तिच्या जिवात जीव असेपर्यंतचीच होती.

तुझा,
अप्पा