पाटावरचा पाना

मी, गोपाळकृष्ण रामचंद्र धानोरकर, वय एकसष्ट, राहणार बालाघाट, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्यामागे काय कोणाचे हे लिहून ठेवतो. गुडघे कामातून गेले आहेत. डोके अजून चालते, नको तेवढे चालते.

महायुद्धात जपानी फौज रायपूर घेऊन पुढे सरकली, तेव्हा इथल्या सागाच्या लाकडाचे ‘टिटवी’ हे लढाऊ विमान मी आखले. टिटवीने शत्रूला थोपवले म्हणून लोक मला अजून नमस्कार करतात. तो घ्यायची मला लाज वाटते.

१. राहते घर, परसातल्या विहिरीसह, किरनापूरच्या गोदाबाई महागू भोयर यांना द्यावे. नाते काय, असे कोणी विचारील, म्हणून गावाला ठाऊक असलेलेच पुन्हा लिहितो. त्यांचा मुलगा वसंता माझी टिटवी उडवत असे.

नवा पंख बसवला की लाकूड दबते, म्हणून उडण्याआधी बोल्ट पुन्हा आवळायचे, हा नियम माझाच. त्या वर्षी वसंताच्या विमानाला नुकताच नवा पंख बसवला होता, आणि खंडेनवमीला सगळी हत्यारे पाटावर मांडून आम्ही पूजा केली. पूजेतले हत्यार त्या दिवशी उचलायचे नसते. वसंताने विचारले, “साहेब, बोल्ट आवळून घेऊ काय?” मी म्हणालो, “पूजा मोडू नको. उद्या दसऱ्याला आवळू.” दुपारी भोंगा वाजला, शत्रूची विमाने आली. बोल्ट आवळायचा पाना माझ्या हाताशी होता. मी उचलला नाही. वसंता तसाच उडाला आणि लामता गावाजवळ पंख निखळून विमानासह कोसळला.

चौकशीत मी हे सगळे सांगितले. साहेबलोकांनी ‘शत्रूच्या गोळ्या’ असे लिहून मला मोकळे केले. गोदाबाई म्हणाली, “पाना देवाच्या पूजेत व्हता. तुमचा काय दोष, साहेब?” तिने शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. दर खंडेनवमीला ती येते, त्या पान्याला हळदकुंकू वाहते, आणि घराचा विषय काढला की उठून जाते. हे घर म्हणजे भरपाई नव्हे. तिच्या पोराची किंमत लावायची माझी लायकी नाही. म्हातारपणी तिने कोरड्या छपराखाली निजावे, एवढेच.

२. बँकेतली शिल्लक आणि ड्रॉइंगचे टेबल पुतण्या मुकुंदला. त्यावर त्याने शाळा आखाव्यात, पूल आखावेत. विमान नको.

३. प्रेमलाल वकील चौकाला माझे नाव देण्याच्या खटपटीत आहेत. जिवंतपणी आमचे कधी पटले नाही, मेल्यावर पटवून घेणार नाही. नाव वसंताचे द्यावे.

४. तो पाना यापुढे पाटावर ठेवू नये. खंडेनवमीला कोणाचे काही अडले, तर बेलाशक द्यावा.

वरचा मजकूर काल रात्री लिहून पुरा झाला. आज सही करायला बसलो तेव्हा मुकुंद म्हणाला, “काकाजी, आज पेन पूजेत हाय. सही उद्या दसऱ्याले करू.” मी पुन्हा थांबलो. हात पुढे होईना. गोदाबाई हळदकुंकू घेऊन समोरच बसली होती. तिने पाटावरचे पेन उचलून माझ्या हातात दिले.

“घ्या, साहेब. तवा पाना बी असाच उचलाले पायजे व्हता.”

आज ती उठून गेली नाही. सहीवर कुंकवाचा डाग पडला आहे, ती खाडाखोड समजू नये.

सही: गो. रा. धानोरकर
साक्षीदार: तेजराम सोनू कावळे, पुनाराम डोमा राऊत
बालाघाट, आश्विन शुद्ध नवमी, शके १८८९ (सन १९६७)