साकीच्या चालीतले गतीचे नियम

सिल्वासा,
३ डिसेंबर

चि. मृणाल,

आशीर्वाद लिहीत नाही, ते रोज सकाळी दूधवाल्याच्या आधीच चिपळूणला तुझ्या वर्गाकडे निघालेले असतात. आईचा गुडघा बरा आहे. दमणगंगेवरून पहाटे गार वारा येतो आणि मी कानटोपी घालून गच्चीत जुन्या कविता म्हणत बसतो. म्हणजे बसायचो.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आवाज असा का येतोय?" मी सर्दी म्हटलं. मला सर्दी झालेली नाही. फोनवर बोललो असतो तर तुझ्या आईने ऐकलं असतं, म्हणून हे पत्र.

समोरच्या खोल्यांतली सोनी तुला आठवत असेल. मागच्या दिवाळीत तुझ्यासमोर हात मागे बांधून कविता म्हणून दाखवली होती ती. तिचे आईवडील धुळ्याकडचे. झुंबर आणि बायडाबाई, दोघं सायली गावातल्या सुताच्या कंपनीत आहेत. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, कंपनीत हिंदी. सोनी आठवीपर्यंत किलवणीला मराठी शाळेत होती. यंदा झुंबरने हट्टाने तिला इंग्रजी शाळेत नववीला घातलं. घालताना माझ्यासमोरच तिला बजावलं, "नापास झालीस तर सरळ गावाला आजीकडे. मग शाळा नाही, काही नाही." हे तो गमतीने बोलला नव्हता. त्याच्या थोरल्या मुलीचं तसंच झालंय. तिला आता दोन मुलं आहेत.

सोनी संध्याकाळी माझ्याकडे यायची. इंग्रजी धडा उघडला की तिचे ओठ पांढरे पडायचे. मी काय करणार? मला एकच विद्या येते. म्हटलं, "पोरी, चालीवर म्हण, विसरणार नाहीस." विज्ञानातले गतीचे तीन नियम आम्ही इंग्रजीतच साकीच्या, त्या जुन्या कवितांच्या चालीत बसवले. काय गोड म्हणायची! इंग्रजी शब्द असे ताना घेत यायचे की मला माझा जुना वर्ग दिसायचा, ती कौलांतून आलेली उन्हाची तिरीप, एका सुरात डोलणारी मुलं. तुझी आई आतून ओरडायची, "गाऊन पास होता आलं असतं तर कोकिळा कलेक्टर झाली असती हो!" आम्ही दोघं हसायचो.

गेल्या शनिवारी सहामाहीचा निकाल होता, पालकांना बोलावलं होतं. बायडाबाई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सोबत चला. त्या मॅडमचं इंग्रजी मला कळत नाही, आणि मला धडधडतं." वर्गशिक्षिका केरळच्या, नव्या आहेत, हिंदी अजून जुळत नाही. सगळीकडे असतं तसंच तिथेही होतं. मॅडम बोलतात आणि मूलच आपल्या आईला त्याचा अर्थ सांगतं.

मॅडम शांतपणे इंग्रजीत म्हणाल्या, आणि तेवढं मला कळलं, की मुलगी पाठ करते, तिला कळत काहीच नाही. विज्ञानात प्रश्न होता, बस अचानक थांबली की प्रवासी पुढे का पडतो, स्वतःच्या शब्दांत लिहा. हिने पहिला नियम स्वल्पविरामासकट लिहिला, पुढच्या दोन प्रश्नांनाही तोच. असंच राहिलं तर ती नववीत नापास होईल, वडिलांशी बोलायला हवं.

सोनीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आईकडे वळली. "माय, मॅडम म्हनस, पोर हुशार शे. वर्गमा पुढे शे."

बायडाबाईचा चेहरा असा फुलला, मृणाल, की मला बघवेना.

इथवर लिहून पेन खाली ठेवलं होतं. पुढचं लिहायचं नव्हतं. पण मग हे पत्र कशाला?

बायडाबाईने मला विचारलं, "खरं शे ना, गुरुजी?"

आणि मी म्हणालो, "हो."

संध्याकाळी तिने पेढे आणले. "तुमच्या विद्यार्थिनीचे." झुंबरने कंपनीतही वाटले म्हणे. तुझ्या आईने दोन खाल्ले, बाकीचा खोका फ्रिजमध्ये आहे. मी पाणी घ्यायलासुद्धा फ्रिज उघडत नाही. दारावर टकटक झाली की मी मोरीत जाऊन नळ सोडतो. सोनी आलीच नाही त्यानंतर. तिच्या खिडकीतून चालही ऐकू येत नाही.

येत्या शनिवारी झुंबरला शाळेत बोलावलंय. मुख्याध्यापिकाही बसणार आहेत, आणि त्या हिंदीत बोलतात. झुंबरला हिंदी समजतं. तो शर्टाला इस्त्री करतोय, कौतुक ऐकायला जायचंय म्हणून. मलाही चला म्हणतोय. मला भीती वाटते. ती पोर गावाला गेली तर माझ्या त्या एका शब्दाने गेली असेल.

तुझे,
बाबा

७ डिसेंबर

चि. मृणाल,

पहिलं पत्र टाकायला किलवणी नाक्यापर्यंत गेलो होतो, टाकलं नाही. दोन्ही एकदमच येतील.

आज आम्ही चौघं शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. आत दुसरे पालक होते. झुंबर इस्त्रीच्या शर्टात ताठ बसून मला म्हणत होता, "गुरुजी, दहावीलाही तुम्हीच बघायचं हं." मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो. आतलं दार उघडायच्या आधी बोलायलाच हवं होतं. "झुंबर," मी म्हटलं, "त्या दिवशी मी..." आणि तिथेच अडलो. आयुष्यभर शेकडो मुलांसमोर कविता म्हणत आलेला मी! मला साधं वाक्य पुरं करता येईना.

सोनी उठून उभी राहिली. हात मागे बांधले, कवितेला बांधते तसेच. "माय, मी खोटं सांगं. मॅडम म्हने, मी नापास व्हसू. माले काहीच समजत नही."

बायडाबाई माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. झुंबरने शर्टाची वरची गुंडी काढली, परत लावली. "गुरुजींनी हो म्हटलं होतं ना?" त्याने बायकोला विचारलं. मी म्हणालो, "म्हटलं होतं. मी घाबरलो."

"तुम्ही?" तो म्हणाला. बस, एवढंच.

आत गेल्यावर मुख्याध्यापिकांनी हिंदीत सगळं सांगितलं. झुंबर ऐकत होता, जबडा आवळून. मग तो सोनीला म्हणाला, "इचार तुन्या मॅडमले, आते काय करानं?" सोनी मॅडमकडे वळली. तिचं इंग्रजी अडखळत, मोडत आलं. एक शब्द सापडेना तर तिने हाताने दाखवला. चाल नव्हती त्याला. मॅडम पुढे झुकून ऐकत होत्या, मग म्हणाल्या, इतके महिने ही एक वाक्य स्वतःचं बोलली नव्हती. ते सोनीने बापाला सांगितलं. या वेळी जसंच्या तसं.

परतताना झुंबर चार पावलं पुढे चालत होता. सोनीला गावाला धाडणार का, ते त्याने सांगितलं नाही. दुपारभर मी समोरच्या दाराकडे बघत बसलो होतो, बाहेर पत्र्याची पेटी आली की काय म्हणून. तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिने पेढ्यांचा खोका बाहेर काढला, पुन्हा आत ठेवला.

आत्ता तिन्हीसांजेला टकटक झाली. मी मोरीकडे वळलो होतो, पण तुझ्या आईनेच दार उघडलं. सोनी, हातात विज्ञानाचं पुस्तक. मागे झुंबर. तो आत आला नाही, उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "परीक्षेलोंग आठेच ठेवस तिले, गावले धाडत नही. गुरुजी, आते गाणं नको. समजाडीसन सांगा." पुस्तकाकडे बोट केलं. "कंपनीनी बस थांबनी की मी रोज पुढे पडस. ते कसं, ते माले बी सांगा."

मग तो पायरीवर बसला. सोनीने पुस्तक उघडून माझ्यापुढे ठेवलं. मी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मृणाल, तो नियम मला चालीसकट पाठ आहे, पण माणूस पुढे का पडतो ते मला ठाऊक नाही. कधीच नव्हतं. आणि ती दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी म्हटलं, "मलाही समजलेलं नाही. माझी मुलगी शिकवते हे."

सोनी हसली नाही. तिने पुस्तक माझ्या बाजूला सरकवलं आणि शेजारी बसली. झुंबर अजून पायरीवरच आहे. मी आतल्या खोलीत येऊन हे लिहितोय. मला अजून भीती वाटते. परीक्षा मार्चमध्ये आहे. नाताळच्या सुट्टीत ये. मोठ्या माणसांसाठी नाही, नववीच्या मुलांसाठी सांगतेस तसं सांग. आम्ही तिघं ऐकायला बसू.

तुझा पाठांतरात पहिला आलेला,
बाबा