रेणूच्या गालावरचा रंग

प्रिय सुरेखा,

तुला जाऊन दीड वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत पत्र कधी लिहिलं नाही. काही सांगायचं असलं की देवघरासमोर बसून सांगत होतो. आज तसं बोलायला तोंड होईना, म्हणून कागद घेतला. उद्या सकाळी दहा वाजता मी तुला दिलेला शब्द मोडणार आहे. रेणूच्या सासरच्यांना तुझ्या आजाराचं नाव सांगणार आहे. तुझ्या पाठीमागे केलं असं होऊ नये, म्हणून आधी तुला कळवतोय.

आपली रेणू सात महिन्यांची गरोदर आहे. परवा विहीणबाई स्वतः तिला नातेपुत्याहून सोडायला आल्या. येताना तुपाची बरणी, शेंगाची चटणी, काय काय घेऊन आल्या! पिशव्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाल्या, "बघा की व्याही, लेकीच्या तोंडावर कसं तेज चढलंय! आमच्या म्हशीचं दूध मानवलंय तिला."

रेणू दारात उजेडात उभी होती. मी कौतुकानं तिच्याकडे बघायला गेलो. ते तेज नव्हतं, सुरेखा. ते ब्लश होतं. खाली डाळिंबी जेल, वर पावडरचा पातळ हात. नाकापासून दोन बोटं सोडून, गालाच्या हाडावरून कानाकडे नेलेलं. दुसऱ्या कुठल्या बापाला ते ओळखू आलं असतं? मला आलं. कारण वर्षभर रोज सकाळी तसाच रंग मी तुझ्या गालांना लावला होता.

तुला आठवतंय, याच रंगावरून मी रेणूला एकदा किती बोललो होतो? तिनं कॉलेजात असताना गुलाबी पावडरची डबी आणली होती. मी केमसारख्या कुंकू करणाऱ्या गावच्या शाळेत शिकलेला माणूस. कपाळाला गंध आणि बायकांच्या कुंकवापलीकडे तोंडाला काही लावायचं असतं हेच मला पटत नव्हतं. "देवानं दिलेला चेहरा पुरत नाही का?" असं म्हणालो होतो. ती दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी.

मग तुझ्या पोटाची सोनोग्राफी झाली. दोन्ही किडन्यांत पाण्याचे फोड, असं डॉक्टर म्हणाले. हा आजार आईबापांकडून मुलांत उतरतो, मुलीचीही तपासणी करून घ्या, तिचं बीपी बघत चला, हेही म्हणाले. मी मान हलवली. तू मात्र बाहेर बाकावर बसल्या बसल्याच ठरवून टाकलंस.

"अवो, ह्ये हितंच ऱ्हाऊ द्या. पोरीला स्थळं यायला लागल्यात. आईची किडनी गेली म्हणल्यावर कोण करंल तिला?"

"अगं, पण तिची तपासणी तरी..."

"लगीन हुईपतूर न्हाय म्हंजे न्हाय. कागदावर काय निघालं तर?"

पुढच्या रविवारी तू मला बाळ्याच्या देवळात नेलंस. खंडोबासमोर माझ्या हातावर भंडारा ठेवलास आणि म्हणवून घेतलंस, की रेणूच्या सासरी तुझं दुखणं कधीच कळू देणार नाही. "कधीच" हा शब्द तू दोनदा म्हणवून घेतलास. मी का म्हणालो असेन? तुझ्या डोळ्यांतली भीती बघवली नाही म्हणून, दुसरं काय!

डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. तुझा चेहरा राखेसारखा पडत चालला. शेजारपाजारचे विचारायला लागले. आणि एका सकाळी, रेणूला बघायला पाहुणे यायचे होते तेव्हा, तू तिची डबी माझ्यापुढे धरलीस.

"तुमी रंगखात्यातलं माणूस. जरा गालाला रंग लावून द्या की."

पंचवीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवतोय मी. लाल रंगाच्या चाळीस छटा नुसत्या नजरेनं सांगतो. पण बायकोच्या गालाला रंग कसा लावायचा, ते कुठं ठाऊक होतं! डायलिसिसनं तुझी कातडी कोरडी पडली होती. पावडर लावली तर सालपटांत अडकून बसली, गालावर खडू फासल्यासारखी. रेणूकडे जेलचीही एक छोटी नळी होती. ते मी पावडरीवरच चोळलं, तर त्याच्या गोळ्या झाल्या.

तू आरसा घेतलास आणि किती दिवसांनी खळखळून हसलीस. "अवो, टॉवेल न्हाय रंगवायचा तुमाला, बायकूचा गाल हाय! सोंगाडी केलं की मला!"

मग नव्या पेठेतल्या दुकानात मी एकटा गेलो. काउंटरवरच्या मुलीनं फिकट गुलाबी काढून दिला, म्हणाली, हाच चालतो सगळ्यांना. मी डबी उचलून सरळ दुकानाबाहेर गेलो. ती ओरडली, "ओ काका, पैसे?" मी म्हटलं, "बाई, पळून जात नाही, उजेडात बघतोय. ट्यूबलाइटखाली कळत नाही." आम्हाला कारखान्यात पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. मनगटावर बोटभर ओढून बघितलं. तुझ्या सावळ्या रंगावर तो फिकट गुलाबी आणखीच राखाडी दिसला असता. मी डाळिंबी जेल घेतलं आणि वरून मारायला विटकरीकडे झुकणारी पीच पावडर, बारीक दळलेली, चमक नसलेली. ती मुलगी म्हणाली, "काकू नशीबवान आहेत हो!" मी पैसे मोजून दिले.

हळूहळू जमायला लागलं. आधी तोंडाला खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात लावून टिपून घ्यायचं. मग जेल मुगाएवढं, दोन बोटांच्या टोकावर. ते घासायचं नाही, थापत न्यायचं, आणि लवकर, कारण एकदा वाळलं की सरकत नाही. तुझे गाल खोल गेले होते, म्हणून खड्ड्यात न लावता वर हाडावर लावायचं. नुसतं जेल ठेवलं तर आपल्या उन्हात दुपारपर्यंत घामानं उतरायचं. म्हणून त्यावर ब्रशनं पावडर, तीही ब्रश झटकून. ज्या दिवशी बाहेर जायचं नसेल त्या दिवशी नुसतं जेल पुरायचं. रोजचा रंग म्हणजे लावलाय हे कळता कामा नये. रेणू शेजारी उभी राहून सगळं बघायची. मला वाटायचं, आईशेजारी उभी राहतेय पोर. ती शिकत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

खोटं कशाला बोलू, ती सकाळची पाच मिनिटं मला आवडायची. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी तुझा चेहरा इतक्या जवळून मी कधी बघितला नव्हता. पण बघत होतो म्हणजे दिसत होता का, सुरेखा?

कारखान्यात एक नियम आहे. नवा लॉट मागच्या लॉटशी जुळवायचा नाही, कपाटात जपून ठेवलेल्या मूळ नमुन्याशी जुळवायचा. मागच्याशी जुळवत गेलं की दर खेपेला केसाएवढा फरक पडतो आणि वर्षाखेरीला लाल कुठल्या कुठे जातो, कुणाच्या लक्षातही येत नाही. हे मी नव्या कामगारांना ओरडून ओरडून शिकवतो. आणि तुझ्या गालापाशी मी काय करत होतो? कालच्या चेहऱ्याशी आजचा जुळवत होतो. आज एक थेंब जास्त, उद्या आणखी अर्धा. तू लग्न होऊन आलीस तेव्हाचा चेहरा एकदा तरी आठवून शेजारी धरला असता, तर घाबरून ओरडलो असतो.

लग्न रविवारचं निघालं. शुक्रवारी हळद. तू म्हणालीस, "एक दिस चुकला तर काय हुतंय? सुईच्या हातानं पोरीला हळद लावू व्हय?" मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ते नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

मांडवात बायका म्हणत होत्या, नवरीपेक्षा नवरीची आईच टवटवीत दिसतीय! तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. मला अभिमान वाटला. अभिमान!

सोमवारी सकाळी तुला दवाखान्यात न्यायचं होतं. घरात पाहुणे होते, म्हणून निघण्याआधी रंग लावायला बसलो. तुझा गाल गार लागला. बोटाला ते कळलं होतं. तू म्हणालीस, "दमलेय वो नुसती." मी जेलचे दोन थर जास्त दिले. पाहुण्यांनी तुला हसून निरोप दिला. दवाखान्याच्या अलीकडच्या चौकात, रिक्षात, तू माझ्या खांद्यावर मान टाकलीस.

दुपारी तुला आंघोळ घालताना माझ्या बहिणीनं, आक्कानं, ओल्या फडक्यानं तुझं तोंड पुसलं. फडकं लालसर झालं. आक्का बाहेर आली आणि माझ्यासमोर ते धरून म्हणाली, "दादा, वैनीचं तोंड कवापासनं असं हाय रं?"

मी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. रेणूच्या सासरी सांगितलं, हार्ट अटॅक आला. रेणू एका दिवसाच्या हिरव्या चुड्यानं आली आणि तिनंही तेच सांगितलं.

आता परवाचं ऐक. विहीणबाई गेल्यावर मी रेणूला म्हटलं, "तोंड धुऊन ये."

"का ओ बाबा?"

"साबण लावून धू."

ती आली. पांढराफटक चेहरा, डोळ्यांखाली सूज. पावलं इतकी सुजलेली की चपलेचे वळ उठले होते. मी खाली बसलो. ती पण बसली.

"बीपी किती सांगितलंय?"

"वाढलंय जरा. गोळी चालू आहे."

"डॉक्टरांनी घरच्यांचं काही विचारलं नाही?"

"विचारलं. किडनीचं कुणाला काही आहे का म्हणाले." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. मी नाही म्हणाले."

"अगं, पोटात लेकरू आहे तुझ्या!"

"मग काय करू बाबा? आता सांगितलं तर म्हणतील, फसवून दिली मुलगी. सहा महिन्यांनी बघू ना. तोवर कुणाला कळत नाही. आईनं नाही का वर्षभर कुणाला कळू दिलं नाही?"

हे ती जवळजवळ ऐटीत म्हणाली, सुरेखा. तुझं कौतुक करत होती ती. मी म्हटलं, "कळू दिलं नाही खरं. पण आई वर्षभरच पुरली, बाळा." तेव्हा ती रडली. रडता रडता म्हणाली, "तुम्ही कुणाला सांगाल तर आईची शपथ आहे तुम्हाला."

आता दोन शपथा झाल्या.

काल सकाळी बाळ्याला जाऊन आलो. खूप वेळ बसलो. शेजारी एक बाई कौल लावत होती. माझ्याही मनात आलं. पण कौल लावला नाही. उजवा आला असता तर देवानं सांगितलं म्हणून सुटलो असतो, डावा आला असता तर देवानं अडवलं म्हणून. हे देवावर ढकलायचं काम नाही. मी फक्त सांगितलं, की शब्द मी दिला होता आणि मी मोडणार आहे; जे काही व्हायचं ते माझं होऊ दे, पोरीचं नको. भंडारा कपाळाला लावून आलो.

तू म्हणशील, गुपचूप तुझ्याच डॉक्टरांकडे नेऊन आणा की, सासरी कशाला? तो विचार मी केला. पण चार दिवसांनी ती परत नातेपुत्याला जाणार. तिथं किडनीच्या गोळ्या कुठं लपवणार? मीठ कमी का खाते, सोलापूरला सारखी का जाते, काय काय सांगणार? एका माणसानं आजार लपवायचा म्हटला की पहिल्यांदा औषधाचाच दिवस चुकतो. हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला माहीत आहे?

आणि एक गोष्ट मला टोचत राहते. ती माणसं वाईट आहेत असं आपण आधीच ठरवून टाकलं. त्यांना एकदा विचारून तरी बघायचं होतंस! कदाचित त्यांनी नकार दिला असता. मग दुसरं स्थळ आलं असतं, नाहीतर नसतं आलं. रेणू आपल्यापाशी राहिली असती. तूही राहिली असतीस. यात इतकं भयंकर काय होतं गं?

आज दुपारी मी व्याह्यांना फोन केला. म्हटलं, उद्या दहापर्यंत सोलापूरला या, जावईबापूंना आणि विहीणबाईंनाही आणा, रेणूला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचंय. ते घाबरून म्हणाले, "काय विशेष, पाव्हणं?" मी म्हटलं, "विशेष आहे. समोर सांगतो." आतल्या खोलीत रेणूनं ते ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. जेवली मात्र, मी वाढलेलं.

उद्या मी सगळं पहिल्यापासून सांगेन. आजाराचं नाव, तो चुकवलेला शुक्रवार, ती सोमवारची सकाळ. फसवलं ते मी, पोरीला दोष देऊ नका, एवढं हात जोडून म्हणेन. ते चिडतील. विहीणबाई कदाचित मला नको नको ते बोलतील, आणि ते ऐकून घ्यायला मी खाली मान घालून उभा राहीन. त्यांनी रेणूला घरी न्यायला नकार दिला तर ती इथं राहील, तिचं बाळंतपण मी करेन, बाळाला मी सांभाळेन. तिचा एकही तपासणीचा दिवस मी चुकू देणार नाही. मग घरात लग्न असो नाहीतर मयत.

तू रागावशील. रागाव. पण रेणू जगली पाहिजे, सुरेखा. तुझं ऐकलं म्हणून तू गेलीस. या खेपेला मी कुणाचंच ऐकणार नाही.

तुझाच,
दत्ता