मांसाशेजारी शेवया

प्रिय आई,

आज रात्री जेवणाच्या टेबलावरच्या उकळत्या रश्शाच्या भांड्यात मांसाला खेटून कंदाच्या शेवया सोडते न सोडते, तोच सासरे ओरडले, “अगं सूनबाई, लांब टाक! मांसाचं चामडं होईल.”

सासूबाईंना जाऊन सहा आठवडे झाले. तेव्हापासून ते “हं” आणि “नको” एवढंच बोलत, दोन घास खाऊन उठत. तू काळजी करशील म्हणून त्यांचं हे कळवलं नव्हतं.

आज त्यांनी वाढायच्या लांब काड्याच माझ्या हातातून घेतल्या. आधी मुळा, मग कोबी, तोफू शेवटी, आणि झाकणाला कुणी हात लावायचा नाही.

“आलं बुवा सरकार परत,” तेत्सुया बायकोकडे, म्हणजे माझ्याकडे, बघून म्हणाला.

“गप रे. तुझ्या आईनंही तुला कधी भांड्याजवळ येऊ दिलं नाही,” सासरे लेकाला म्हणाले.

ते दोन वाडगे जेवले. रश्शात तू पाठवलेल्या वाळल्या अळंब्या होत्या. आई, तुझे फार उपकार झाले. शेवया कुठे सोडायच्या हेही तू शिकवलं होतंस. मी विसरले, ते बरंच झालं.

इथे बर्फ पडतोय, पण घर उबदार आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस.

तुझी,
सायोको

ता. क. पत्र काल रात्री पाकिटात घालायचं राहिलं. आज सकाळी उठले तर सासऱ्यांनी उरलेल्या रश्शात भात शिजवून खाल्ला होता आणि आमचे दोन वाडगे झाकून ठेवले होते.