एकदाच विसळलेली काच

सांगली, ता. १४ मे १९४५

तीर्थरूप आकारामतात्यांस लियाकतचा सलाम.

इकडे सर्व ठीक. ऊन कडक आहे, कृष्णेला गुडघाभरही पाणी नाही. राहीमावशींचा खोकला कसा आहे? तुम्ही मास्तरांकडून लिहवून घेतलेलं पत्र मिळून तीन आठवडे झाले. परीक्षांमुळे उशीर झाला, असं लिहिणार होतो. तसं काही नाही. धीर होत नव्हता.

तुम्ही एकच विचारलंत. "किस्नात बर्माच्या लढाईत गेला, त्यो काय आता येत न्हाई. पर त्येला कालिजातनं का काढलं? चावडीवर म्हंत्यात, चोरी केली. खरं काय हाय?"

नाही तात्या. तुमच्या कृष्णातनं चोरी केली नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून बघायचो. त्यात बारीक घरं दिसतात, त्यांना पेशी म्हणतात. आतला रस हलतो तोवर पेशी जिवंत. रंग घातला की ती नीट दिसते, पण बहुतेक रंगांनी मरते. कृष्णातनं असा लाल रंग तयार केला की रंगलेली पेशीसुद्धा तासभर जगायची. सरांना पटेना. त्यांनी तोच प्रयोग मला करायला लावला. माझ्याकडच्या पेशी पाच मिनिटांत मेल्या. सर म्हणाले, यानं खोटा निकाल लिहिला. त्याला काढलं आणि त्याची मदतनिसाची जागा मला दिली. घरी सांगायला त्याला लाज वाटली असेल.

मी काचा साफ करायला तेजाबात, म्हणजे ॲसिडात घालायचो, एकदा विसळून पुसायचो. लखलखीत! त्याचा मला तोरा होता. कृष्णात सात-सात पाण्यांनी विसळायचा. मी हसलो की म्हणायचा, "पेशीलाबी जीव हाय गड्या. अंगाला तिजाब लागल्यावर तू तरी जगशील व्हय रं?" मी त्याला खुळा समजायचो.

पुढं लढाईपायी तेजाब मिळेना. मी काचा राखेनं घासल्या, बादलीभर पाण्यानं धुतल्या. त्याच रंगात पेशी सव्वा तास जगल्या. म्हणजे आधीच्या पेशी मारल्या त्या माझ्या काचेवर उरलेल्या तेजाबानं, कृष्णातच्या रंगानं नाही.

तेव्हा पलटणीत भरती झालेला कृष्णात अजून पुण्याच्या छावणीत होता. बर्माला जायला दोन महिने होते. पलटणीनं सोडलं असतं की नाही, अल्ला जाणे, पण डाग पुसून तरी गेला असता. मी गप्प बसलो. जागा जाईल म्हणून.

काल सरांना सगळं सांगितलं. म्हणाले, आता सांगून काय उपयोग? पण तुम्ही तर अजून विचारताय.

मास्तर हे घरात वाचत असतील, तर त्यांना इथंच थांबवा. पुन्हा पहिल्यापासून चावडीवर वाचायला लावा, सगळे जमल्यावर, मोठ्यानं. माझं नाव गाळू नका.

राहीमावशींना, त्याच्या आईला, काय लिहावं, सुचत नाही.

तुमच्या मुलाच्या जागेवर बसलेला,
लियाकत