अप्पांचा गॉगल

देवणी,
२२ एप्रिल १९८४

तीर्थरूप विरूपाक्षअण्णास,
शरणम्माचे शरणार्थ.

तुझं पत्र मिळालं. हल्ली उन्हात डोकं धरतं, डोळ्यांना पाणी येतं, हे वाचून काळजी वाटली. "नव्या जिल्ह्याचं ऊनही नवं," असं लिहिलंस, पण अव्वाला हसू आलं नाही. इकडे आड आटला. गाय चारा छावणीवर नेऊन बांधली. पत्त्यावर जिल्हा लातूर लिहिताना हात अजून उस्मानाबादकडेच वळतो.

अप्पांचं सांगते. मोतीबिंदू काढल्यावर डॉक्टरांनी दिवसा काळा चष्मा लावायला सांगितला आणि तू तुझ्या चष्म्याच्या दुकानातला गॉगल पाठवलास. तो लावून सकाळी ओसरीवर पूजेला बसले, की तळहातावरचं लिंग त्यांना डळमळताना दिसे.

"शिव हातात ठरंना. माझंच काय तरी चुकलं," म्हणाले आणि रात्रीचं जेवण सोडलं.

"उपाशी माणसाचा हात जास्तच हालंल की!" अव्वा चिडली. अप्पांनी ऐकलं नाही.

मला शंका गॉगलची आली. हात लांब करून त्यातून दाराची चौकट पाहिली. गॉगल जरा हलवला की सरळ लाकूड पाण्यात धरल्यासारखं वाकायचं. उदगीरच्या डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, "काच नुसती काळी आहे. अशा काळोखात डोळ्याची बाहुली मोठी होते आणि वाईट किरण उलट जास्त आत जातात. याच्यापेक्षा टोपी बरी."

अप्पांना हे सांगितलं, तर म्हणाले, "ल्योकानं धाडलाय. त्यात खोट कशी असंल?"

पाडव्याला तू आलास. तुझ्या डोळ्यांवरही तसलाच गॉगल, तशीच सोनेरी काडी. तू आंघोळीला गेलास तेव्हा मी त्यातून चौकट पाहिली. जराही वाकली नाही.

स्वतःसाठी एवढी चांगली काच निवडणाऱ्याला बापाची काच दिसली नसेल? लिहू नये असं वाटत होतं, पण लिहिलं.

आता अप्पा दोन्ही वेळ जेवतात. लिंग हातात ठरतं. कारण अण्णा, तुझा गॉगल त्यांच्या डोळ्यांवर आहे. तू लातूरला घालून गेलास तो त्यांचा. बदल मी केला. तू लगेच ओळखशील, भांडायला परत येशील, म्हणून वाट पाहिली. आलं ते डोकेदुखीचं पत्र. म्हणजे तुला काच खरंच कळत नाही, की कळून गप्प आहेस? मला ठरवता येत नाही.

तो गॉगल हात लांब करून दुकानाच्या चौकटीवर धर. मग काय ते लिही. तुझं पत्र अप्पांना मीच वाचून दाखवते, तेवढं ध्यानात ठेव.

तुझ्यावर विश्वास ठेवायला बसलेली,
शरणम्मा