चिखलातलं माप

सर, इथे कुवेतजवळच्या जहरा गावात मी काम करतो त्या दुकानात आज एक बाप मुलासाठी चपला घेत होता. मुलगा गावी. बापाने खिशातून दोरा काढला आणि चपलेवर ताणून पाहिला. मी गल्ला तसाच सोडून बाहेर जाऊन उभा राहिलो.

कॉलेजात माझं केवढं नाव होतं! रत्नागिरीच्या चिखलात मी अनवाणी गोल मारायचो आणि तुम्ही भिजत रेषेवरून माझ्याबरोबर धावायचात. कुवेतमध्ये एक कंपनी आपल्या फुटबॉल संघासाठी माणसं घेते, निवड झाली की नोकरी पक्की, हे कळलं तेव्हा मला बोटीवर सोडायला तुम्हीच आलात. हातात नवे बूट. "साहेब लोक अनवाणी उभंसुद्धा करणार नाहीत तुला. माप विचारलं असतं तर नको म्हणाला असतास. म्हणून मैदानात उमटलेला तुझा पाय दोऱ्याने मोजला," म्हणालात. काय खुलला होता तुमचा चेहरा! धावताना चिखलात पाय घसरतो, ठसा लांबतो, हे आपल्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

इथे माझ्या खोलीत दापोलीकडचे एक चाचा राहायचे, कंपनीच्या भटारखान्यात स्वयंपाकी. बूट बघून म्हणाले, "अरे, ह्यात तुजे दोनी पाय मावतील. दुसरे घे." पण मला तुमचेच घालून खेळायचं होतं. पुढे कापूस कोंबला आणि निवडीच्या सामन्याला उतरलो. मैदान म्हणजे तेल ओतून दाबलेली वाळू. पूर्वार्धात मी खेळलोच नाही, नुसते बूट सांभाळले. उत्तरार्धात चेंडू घेऊन वळतो तर बूट वाळूत रुतलेला, पाय आत सरकलेला, आणि गुडघा मोडल्याचा आवाज मलाच ऐकू आला. साहेब म्हणाला, "इसको बाहर लो." त्यानंतर मी कधी धावलो नाही.

चाचा रजेवर निघाले तेव्हा मी त्यांना बजावलं, "सरांना गुडघ्याचं सांगू नका. बूट अगदी मापात होते म्हणावं, माझाच खेळ कमी पडला." "झूट कशाला बोलू मी?" म्हणत ते चिडले, पण बोलले तसंच. परत आल्यावर कितीतरी दिवस त्यांनी विषय टाळला. मग एकदा जेवताना, माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर म्हनले, बूट मी दिले, जिगर कुठून देऊ?" पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात.

तुम्हाला लागू नये म्हणून खोटं सांगितलं, ते मला आजही चूक वाटत नाही. पण मला तुमचा राग येतो, सर. इतकी वर्षं झाली तरी येतो. हा कागद मी फाडणारच आहे, म्हणून सांगतो. चाचांबरोबर तो निरोप धाडला तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही त्यावर विश्वास ठेवणार नाही.